अडला रोबो: नवशिक्यांसाठी सुलभ दुरुस्ती-मार्गदर्शिका

ज्यांच्या घरी केर काढणारा रोबो नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. तो तुम्ही हौसेने घेतला असेल, "आई, तू आता वाकू नकोस" म्हणत मुलाने परदेशातून आणला असेल किंवा शेजारी आला म्हणून तुमच्याकडेही आला असेल. बिघाड सगळीकडे तेच होतात. खोक्यातल्या पुस्तिकेत विजेचे धक्के, लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्याबद्दल भरपूर सूचना असतात, पण घरात सासरे आहेत हे तिने गृहीत धरलेलं नसतं. आम्ही धरलं आहे.

बटण दाबण्यापूर्वी

जमिनीवरच्या वस्तू उचला: चार्जरच्या वायरी, मोजे, वर्तमानपत्राच्या पुरवण्या, आजोबांची जपमाळ, कपडे वाळत घालायच्या स्टँडवरून लोंबणारा ओढणीचा शेव. पायपुसणी झटकून गॅलरीत टाका. सतरंजीला गोंडे असतील तर सतरंजीही. खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवा आणि त्यांच्याखाली सापडलेली पेनांची टोपणं, शेंगदाणे वगैरे हातानेच गोळा करा, कारण मोठे तुकडे ब्रशात अडकतात. हे सगळं झालं की आता केर फारसा उरलेलाच नाही असं तुमच्या लक्षात येईल. तरी बटण दाबा. पैसे भरले आहेत.

रोबो मेल्यासारखा पडला आहे, दिवाही लागत नाही

सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी भिंतीकडे पाहा. रोबो मेलेला नसतो, कुणीतरी प्लगचं बटण बंद केलेलं असतं.

रोबो काम संपवून आपल्या डॉकवर परत जातो आणि तिथे स्वतःच चार्ज होत बसतो. त्यासाठी डॉकला चोवीस तास वीज लागते. परंतु ज्या घरात झोपण्यापूर्वी गॅसचा कॉक, दाराची कडी आणि झाडून सगळी बटणं तपासत एक फेरी मारण्याची परंपरा आहे, तिथे हे तंत्रज्ञान टिकत नाही. त्या फेरीच्या मानकऱ्यांच्या दृष्टीने चालू राहिलेलं बटण म्हणजे गळका नळ.

यावर पहिला उपाय म्हणजे समजावून सांगणे. रोबो पूर्ण चार्ज झाल्यावर डॉक जेमतेम काही वॉट वीज खातो, महिन्याच्या बिलात ती दिसणारही नाही, वगैरे. हा उपाय केवळ माहितीसाठी दिला आहे, त्याचा उपयोग होत नाही. दुसरा उपाय पाटीचा: "हे बटण बंद करू नये. केल्यास केर स्वतः काढावा." ही पाटी पुण्यात आठवडाभर चालते, इतर गावांत थोडी जास्त. कायमचा उपाय एकच. डॉकचा प्लग आणि वायफायच्या राउटरचा प्लग एकाच बटणावर घ्या. ते बटण बंद झालं की घरातली तरुण पिढी ओरडत आपापल्या खोल्यांतून बाहेर येते आणि रोबोच्या वतीने परस्पर भांडते.

महिनाभर गावी जाणार असाल तर मात्र त्याला पूर्ण चार्ज करून त्याच्या अंगावरच्या बटणाने बंद करा. लिथियम-आयनची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली तर खरोखर मरते.

रात्री साडेदहाला आपोआप सुरू होतो

भूत नाही. यंत्र मुलाच्या खात्यावर नोंदलेलं आहे आणि मुलगा कॅलिफोर्नियात आहे. त्याने फोनवरून सकाळी दहाची वेळ लावून दिली. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे घेतली जातात, तेव्हा तुमचा रोबो अचानक साडेअकराला यायला लागेल आणि मार्चमध्ये परत साडेदहाला. यालाही बिघाड समजू नका.

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन बदला. यादीत मुंबई किंवा पुणे शोधू नका. अख्ख्या देशाची वेळ तिथे कोलकात्याच्या नावावर आहे. तेच निवडा आणि त्याबद्दलची नाराजी दुसरीकडे व्यक्त करा. नवी वेळ ठरवताना दिवेलागण टाळा. तिन्हीसांजेला केर काढला की लक्ष्मी घरातून जाते, हे अ‍ॅप बनवणाऱ्यांना माहीत नसलं तरी आजींना माहीत आहे आणि उलटी करून ठेवलेली गोल वस्तू पुन्हा सुलटी करायला त्या परवानगी देत नाहीत.

तिकडून आणलेल्या यंत्राच्या डॉकवरची बारीक अक्षरंही वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर पिन बदलणारा साधा अडॅप्टर पुरतो. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते घालू नका. रोबोच्या पोटातला केर स्वतः ओढून घेणारे मोठे डॉक बऱ्याचदा या जातीचे असतात. "काही होत नाही, लावा" असं मुलगा फोनवर म्हणेल. त्याच्या आईने इथला मिक्सर तिकडे नेला होता तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

सपाट जमिनीवर उभा राहून पुढे कडा आहे म्हणतो

रोबोच्या पोटाखाली कडेकडेने चार-सहा छोट्या काळ्या खिडक्या असतात. त्यांतून तो जमिनीवर अवरक्त किरण सोडतो. किरण परतून आले तर खाली जमीन आहे आणि आले नाहीत तर जिना आहे, असा त्याचा हिशोब. काळा रंग हे किरण गिळतो. त्यामुळे दोन खोल्यांच्या मधली काळ्या कडप्प्याची पट्टी काही रोबोंना कोकणकडा वाटते. लाल-काळ्या पट्ट्यांची सतरंजी असेल तर लाल पट्टा बिनधास्त ओलांडून तो काळ्यापाशी थबकतो, डावीकडे पाहतो, उजवीकडे पाहतो आणि इंग्रजीत मदत मागतो. भाषांच्या यादीत मराठी शोधण्यात वेळ घालवू नका.

या भित्रेपणावर फार हसू नये, कारण याचं घराणं शूरांचं आहे. १९९० साली अमेरिकेत एमआयटीतल्या मंडळींनी आयरोबोट ही कंपनी काढली. तिचा रूम्बा २००२ मध्ये बाजारात आला, आणि त्याच वर्षी तिचाच पॅकबॉट नावाचा भाऊ अफगाणिस्तानात सैनिकांच्या पुढे गुहांमध्ये शिरत होता. एका भावाने गुहा पाहिल्या, दुसरा कडप्प्याला घाबरतो. एकाच घरातल्या दोन मुलांबद्दल याहून जास्त काय सांगायचं?

उपाय: त्या खिडक्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. धूळ बसली की सगळीच जमीन त्याला दरी वाटायला लागते. खिडक्यांवर पांढरा कागद चिकटवण्याची युक्ती कुणी सांगेल. त्याने रोबो निर्भय होतो हे खरं, पण दुमजली घर असेल तर तो ते एकदाच सिद्ध करतो.

उलटा प्रकार न्हाणीघरापाशी होतो. आपल्याकडे बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा इंच-सव्वा इंच खाली असते. एवढा उतार त्याला दरी वाटत नाही, म्हणून तो आत उतरतो, आणि वर चढायची त्याची ताकद साधारण दोन सेंटिमीटरची. मग सगळं घर त्याला हाका मारत असताना तो बादलीशेजारी ओल्यात बसलेला असतो. बाथरूमचं दार लावून घ्यायची सवय तीस वर्षांत कुणालाही लावता आली नव्हती. आता लागेल.

सोफ्याखाली शिरतो, निघत नाही

डोक्यावर मनोरा असलेल्या रोबोंची उंची साडेनऊ-दहा सेंटिमीटर असते आणि आपल्याकडच्या सोफ्यांखालची जागा नेमकी तेवढीच असते. कपाटांखाली घालतात तसे लाकडी ठोकळे सोफ्याखाली घाला. पाहुणे विचारतील तेव्हा गुडघ्यांसाठी म्हणून सांगा.

गोल गोल फिरतो. किंवा नुसता मागे मागे जातो

गोल फिरत असेल तर उलटा करून दोन्ही चाकं अंगठ्याने दाबा. दोन्ही सारख्याच स्प्रिंगने खाली-वर झाली पाहिजेत. एक जाम असेल तर दुसरं चाक त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालणारच. जुन्या काळचे रोबो मात्र मुद्दाम गोल फिरत, मग भिंतीला धडकत, मग सुचेल त्या दिशेला जात. नकाशा वगैरे त्यांच्याकडे नव्हता. तुमचा तसा असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

मागे मागे जात असेल तर पुढचा बंपर अडकला आहे. समोर भिंत आहे असं त्याला वाटतंय. बंपर आणि अंग यांच्यातल्या बारीक फटीत बॅटरीचा प्रकाश टाकून पाहा. तिथे साबुदाण्याचा एक कोरडा दाणा सापडेल. लाकडी टूथपिकने काढा आणि बंपरवर तीन-चार टिचक्या मारा. उपासाच्या आदल्या संध्याकाळी, साबुदाणा भिजत घालताना, यंत्र बंदच ठेवलेलं बरं. मोहरीचीही तीच गत, वर तिचा वेगळा त्रास असा की रोबोच्या बगलेतला तीन पायांचा ब्रश तिला गोळा करण्याऐवजी उडवतो. फोडणीच्या वेळी ओट्यापाशी सांडलेली मोहरी दिवाणखान्यातल्या टीव्हीखाली सापडली, की ती कशी पोचली यावर वाद नको. अ‍ॅपमध्ये आवाज न करण्याची मंद गती असते, त्या गतीत कमी उडते.

ब्रश फिरत नाही: केसांचा प्रश्न

हा या यंत्राचा खरा आजार आहे, म्हणून इथे थोडं थांबू. रोबो पाठीवर घ्या, ब्रशावरची झाकणाची पट्टी दोन्ही खटके दाबून काढा आणि मधला लांब ब्रश बाहेर काढा. तो लाटण्याएवढा जाड दिसत असेल तर मूळचा तो तेवढा नव्हता. त्याच्यावर घराचं चरित्र गुंडाळलेलं असतं: लांब काळे केस, त्यांच्याखाली मेंदीचे तांबूस केस, गजऱ्याचा पांढरा दोरा, साडीच्या फॉलमधून सुटलेला धागा, देवाच्या हाराची वाळलेली गाठ, गेल्या राखीची जर. कोणते केस कुणाचे, हा प्रश्न घरात अनेक वर्षं झाकून ठेवला गेला होता. "माझे गळतच नाहीत" असं सांगणाऱ्या व्यक्तीला ब्रश दाखवावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचं मत: दाखवू नये.

शिवणाच्या डब्यात टाके उसवायचं छोटं अवजार असतं. त्याने ब्रशाच्या लांबीच्या दिशेने एक छेद द्या, मग सगळं कातडं सोलल्यासारखं निघून येईल. ओढू नका, ब्रशाचे दात वाकतात. बहुतेक लोक इथे थांबतात आणि तिथेच चुकतात. ब्रशाच्या दोन्ही टोकांच्या टोप्या काढा. त्यांच्याखाली केसांची घट्ट कडी बसलेली असते आणि मोटर गरम होते ती तिच्यामुळे. तसंच पुढचं छोटं चाक सरळ वर ओढा. ते निघतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याच्या आसाभोवतीही एक कडी निघेल. हे चाक अडलं की ते फिरण्याऐवजी घासत जातं आणि फरशीवर रेघा ओढतं.

नकाशात एक खोली जास्त दिसते

अभिनंदन, पण ती तुमची नाही. डोक्यावरच्या फिरत्या मनोऱ्यातून रोबो लेझरचे किरण सोडतो आणि भिंती मोजतो. आरशाच्या कपाटातून ते किरण परावर्तित होतात आणि आरशामागे आणखी एक बेडरूम आहे, असं तो प्रामाणिकपणे नोंदवतो. दादर-पार्ल्याच्या भावात त्या खोलीची किंमत काढण्याचा मोह आवरा. आरशाचा खालचा वीतभर भाग कागदाने झाका, नकाशा पुन्हा करायला लावा आणि अ‍ॅपमध्ये त्या जागी आडवी रेघ ओढा.

अ‍ॅप आणखी एक आकडा दाखवतं: किती चौरस मीटर झाडलं. त्याला १०.७६ ने गुणलं की चौरस फूट मिळतात आणि करारनाम्यातला आकडा आठवून रक्तदाब वाढतो. बिल्डरकडे जाण्याआधी विचार करा. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते. रोबो भिंतीत शिरत नाही, कपाटांखाली जात नाही, आणि कडप्प्यापलीकडे तर तो गेलेलाच नाही.

नकाशा असूनही रोबो भरकटला, तर त्याला मध्येच कुणी उचललं होतं का ते विचारा. उचलून दुसरीकडे ठेवलेल्या यंत्राला आपण कुठे आहोत ते उमगत नाही. रोबोशास्त्रात या कोड्याला पळवून नेलेल्या रोबोची समस्या म्हणतात आणि त्यावर विद्वानांनी प्रबंध लिहिले आहेत. आपल्याकडे ते अपहरण कामाच्या मावशी करतात, रोज सकाळी, "याच्या खालचं झाडायचं राहतंय" म्हणून. त्यांना काही बोलू नका. त्या एका दिवसाच्या सुट्टीवर गेल्या तर रोबोला रजा मागायचीही गरज पडत नाही, तो पहिल्या पायपुसण्यावरच थांबतो.

वायफायला जोडला जात नाही

बहुतेक रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटर ५ गिगाहर्ट्झही त्याच नावाने सोडत असेल तर दोन नावं वेगळी करा. जमलं नाही तर रोबोच्या डोक्यावरचं बटण दाबा. वायफाय नसतानाही तो केर काढतो, अ‍ॅपला त्याचं वाईट वाटतं इतकंच.

पुसतो, पण डाग वाढतात

पुसणारा रोबो म्हणजे खाली एक ओलं फडकं बांधलेला रोबो. ते फडकं घरभर एकच असतं. देव्हाऱ्यापुढे कुंकवाची चिमूट सांडलेली असताना त्याला सोडलं, तर देव्हाऱ्यापासून थेट बाहेरच्या दारापर्यंत गुलाबी पट्टा उमटतो. लक्ष्मीची पावलं असतात तशीच ही वाट, फक्त दिशा उलटी. सासूबाईंच्या नजरेला तो पट्टा पडण्यापूर्वी पुसून घ्या. टाकीत फिनेल ओतू नका, नळ्या आणि पंप खराब होतात. बोअरिंगचं पाणीही नको, त्यातला क्षार बारीक भोकांत बसतो.

रांगोळीचं आणखी कठीण. ती दगडाची बारीक पूड. पोटात गेली की फिल्टर बुजतो, आणि पोटात जाण्याआधी बगलेतल्या ब्रशाने ठिपक्यांची रांगोळी मुक्तहस्त होते. अ‍ॅपमध्ये त्या जागेभोवती चौकोन काढून प्रवेशबंदी करता येते. दिवाळीचे दिवस ती ठेवाच.

घरात कुत्रा असेल तर... कल्पना करा, आम्ही लिहीत नाही. एवढंच सांगतो की हा प्रश्न जगभर इतका भेडसावला की आयरोबोटने २०२१ मध्ये एक मॉडेल काढताना लेखी वचन दिलं: कुत्र्यामांजराची घाण याला चुकवता आली नाही तर यंत्र बदलून देऊ. ते ओळखायला त्याला कॅमेरा दिला. मग अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने २०२२ मध्ये दाखवलं की त्याच कंपनीच्या चाचणीसाठी दिलेल्या रोबोंनी टिपलेली घरांतली चित्रं, त्यांत शौचालयात बसलेल्या एका बाईचंही, बाहेर फुटली होती. कॅमेऱ्याचं मॉडेल असेल तर बाथरूमचं दार लावण्याचं हे दुसरं कारण.

सगळं चालतंय, पण ओढ कमी झाली

खोक्यावर आठ हजार पास्कल वगैरे छापलेलं असतं. भारावून जाऊ नका. वातावरणातल्या हवेचा दाबच एक लाख पास्कलच्या वर आहे आणि त्याने आजवर कुणाचा केर काढला नाही. ओढ कमी होते ती फिल्टर बुजल्याने. काढून केराच्या डब्यावर हलकेच आपटा. धुवायचा तर पुस्तिकेत धुता येतो असं लिहिलेलं असेल तरच धुवा आणि पूर्ण चोवीस तास वाळवा. जुलैत मुंबईत चोवीस तासांत रुमालही वाळत नाही, म्हणून दुसरा फिल्टर घेऊन ठेवा. ओला बसवलात तर कोंदट वास येईल आणि घरातले सगळे एकमेकांच्या मोज्यांवर संशय घेतील.

कोपरे राहतात, हा मात्र बिघाड नाही. यंत्र गोल आहे आणि खोल्या चौकोनी. कोपऱ्यांसाठी केरसुणी ठेवलेली असू द्या. नाहीतरी लक्ष्मीपूजनाला ती लागतेच.

लक्ष्मीपूजन आणि दसरा

केरसुणीची पूजा करायची तर तिच्या शेजारी रोबो का नको, असा प्रश्न घरात निघेल. हरकत नाही, मात्र कुंकू कुठे लावायचं ते आधी ठरवा. डोक्यावरच्या मनोऱ्याला लावू नका, त्याला दिसेनासं होतं. समोरच्या कॅमेऱ्याला नको. पोटाखालच्या खिडक्यांना नकोच, सगळं जगच दरी होईल. मागच्या बाजूला साधं प्लॅस्टिक असतं तिथे एक बोट, आणि सुरू करण्यापूर्वी तेही पुसून. झेंडूचं एक फूल वर ठेवायला चालेल, हार नको, त्याचा दोरा शेवटी कुठे जातो ते आपण पाहिलं आहे. अक्षता वाहण्याचा आग्रह झाला तर रोबोला आधी ताटात ठेवा, तरीही दोन दाणे बंपरच्या फटीत जातीलच. टूथपिक जवळ असू द्या.